आतिथ्याची दिशा : 'स्मृतिचित्रे' आणि श्रद्धेचा रोजचा व्यवहार

१

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपात प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी समीक्षेने त्याचा गौरव प्रामुख्याने तीन गुणांसाठी केला आहे : निवेदनातील प्रांजळपणा, घरगुती बोलीचा सहज वापर आणि स्वतःलाही न वगळणारा विनोद. हा गौरव यथार्थ आहे. पण त्यामुळे एक प्रश्न मागे पडला. हे एका ख्रिस्ती स्त्रीचे आत्मचरित्र आहे. मग या संहितेत ख्रिस्ती श्रद्धा नेमकी कोठे आहे? धर्मांतर ही त्यातील एक चरित्रघटना म्हणून नोंदवली जाते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा १८९५ मधील बाप्तिस्मा, त्यानंतरची पतिपत्नींची ताटातूट, पुनर्मीलन आणि १९०० मधील लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा असा तिचा क्रम सांगितला जातो. परंतु तारण, पाप, प्रायश्चित्त, कृपा या धर्मशास्त्रीय संकल्पनांची सविस्तर चर्चा शोधू जाणाऱ्या वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही. यावरून काही वाचक असा निष्कर्ष काढतात की लक्ष्मीबाईंची श्रद्धा ही पतीच्या श्रद्धेची छाया होती आणि ग्रंथाचे खरे सत्त्व त्यातील मानवी संसारचित्रात आहे.

या निष्कर्षात एक गृहीतक दडलेले आहे. श्रद्धा म्हणजे प्रतिपादन; ती विधानांच्या रूपात प्रकट होते आणि जेथे विधान नाही तेथे श्रद्धा दुय्यम आहे, हे ते गृहीतक होय. 'स्मृतिचित्रे' या गृहीतकालाच छेद देते. तेथे श्रद्धा बोलून दाखवलेली नाही, ती वाढलेली आणि खाल्लेली आहे. उंबरठा, पाण्याचे भांडे, चूल, पंगत आणि परक्याचे मूल या पाच ठिकाणी ती वाचावी लागते. प्रस्तुत लेखाचा विषय हे वाचन आहे. मात्र 'पाहुणचार हा ख्रिस्ती सद्गुण आणि लक्ष्मीबाईंच्या घरी तो विपुल होता' एवढेच म्हणण्याने या वाचनातून काही निष्पन्न होणार नाही. पाहुणचार त्यांच्या पूर्वाश्रमीच्या समाजातही विपुलच होता. धर्मांतराने बदलले ते आतिथ्याचे प्रमाण नव्हे, तर त्याची दिशा.

२

ही दिशा म्हणजे काय, हे समजण्यासाठी परंपरेतील अतिथिसंकल्पनेची रचना पाहिली पाहिजे. पंचमहायज्ञांत अतिथिपूजनाला नृयज्ञाचे स्थान आहे. म्हणजे आतिथ्य हे ऐच्छिक सौजन्य नसून गृहस्थाचे नित्यकर्म आहे. पण अतिथी कोण, याची व्याख्या मनुस्मृतीचा तिसरा अध्याय काटेकोरपणे करतो. एक रात्र राहणारा ब्राह्मण तो अतिथी. ब्राह्मणाच्या घरी आलेल्या क्षत्रियाला ही संज्ञा लागू होत नाही. आलेल्या वैश्याला किंवा शूद्राला दयाबुद्धीने सेवकांच्या बरोबरीने जेवू घालावे, अशी तरतूद आहे. येथे कोणालाही उपाशी परत पाठवलेले नाही. अन्न सर्वांना आहे. 'अतिथी' ही पदवी मात्र सर्वांना नाही. आतिथ्य आणि अन्नदान यांच्यातला हा भेद पुढील सर्व विवेचनाच्या दृष्टीने कळीचा आहे.

मराठी समाजव्यवहाराने हा भेद वस्तूंच्या आणि शब्दांच्या रूपाने सांभाळला. शिधा ही त्यातली सर्वांत अर्थपूर्ण वस्तू. डाळ, तांदूळ, पीठ, तूप, गूळ कोरडे द्यायचे. घेणाऱ्याने ते आपल्या चुलीवर, आपल्या सोवळ्यात शिजवायचे. देणारा आणि घेणारा यांच्यात उदारपणा आहे आणि अंतरही आहे. किंबहुना अंतर राखूनही उदार होता यावे यासाठीच शिध्याची योजना आहे. पंगत हे दुसरे उदाहरण. ती एकत्र बसवते आणि त्याच वेळी कोण कोणाशेजारी बसणार नाही हेही ठरवते. 'पंक्तिप्रपंच' हा शब्द भेदभावाचा पर्याय म्हणून भाषेत रुळला तो उगाच नाही. 'उष्टे', 'वरून पाणी घालणे', 'हातचे चालणे' हे सगळे शब्दप्रयोग एकाच व्याकरणाचे घटक आहेत. या व्याकरणाचा नियम असा की अन्न वरून खाली वाहू शकते. खालून वर वाहू शकत नाही. ब्राह्मण कोणालाही देऊ शकतो, कोणाकडूनही घेऊ शकत नाही. देणे हे पुण्य. घेणे हा विटाळ.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या समाजात आतिथ्याची खरी कसोटी देणाऱ्याच्या हातावर लागत नाही. ती घेणाऱ्याच्या ओठांवर लागते. यजमानाने दार उघडले की नाही यापेक्षा पाहुण्याने पाणी घेतले की नाही, हा प्रश्न येथे अधिक मूलगामी ठरतो.

३

शुभवर्तमानांची कथनरचना या दृष्टीने पाहिली तर एक लक्षणीय बाब समोर येते. ख्रिस्ती पाहुणचाराचा विचार बहुधा यजमानाच्या बाजूने केला जातो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील परक्याला आसरा देण्याचा दृष्टान्त, किंवा इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील नकळत देवदूतांचा पाहुणचार केल्याचा उल्लेख, हे त्याचे नेहमीचे आधार. नव्या करारातील ग्रीक शब्द 'फिलोक्सेनिया' हाही शब्दशः परक्याविषयीचे प्रेम असा आहे. पण कथनात येशू क्वचितच यजमान असतो. तो बहुतेक वेळा पाहुणा असतो. जक्कयाच्या घरी तो स्वतःहून उतरतो. मार्था आणि मरीया यांच्या घरी तो जेवायला येतो. शिमोन परूश्याच्या घरी पाय धुवायला पाणी मिळाले नाही, याची तो नोंद करतो. अम्माऊसच्या वाटेवर भेटलेला परका आग्रहामुळे घरात येतो, आणि भाकर मोडताना पाहुणाच यजमान होतो.

यातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण योहानाच्या चौथ्या अध्यायातले. विहिरीवर बसलेला येशू शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. तिचे आश्चर्य पाणी मागण्याबद्दल नाही; यहुद्याने शोमरोन्याकडे मागावे याबद्दल आहे. भांड्याचा विटाळ हा त्या आश्चर्याचा आशय आहे. मराठी वाचकाला हा प्रसंग समजावून सांगण्यासाठी टीपा लागत नाहीत. ज्या भूमीत महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणे ही क्रांती ठरली आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिणे हा इतिहास ठरला, तेथे विहिरीवरचा तो संवाद परका वाटण्याचे कारण नाही. कथेच्या शेवटी त्या गावकऱ्यांच्या विनंतीवरून येशू तेथे दोन दिवस राहतो, हा तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. 'जिवंत पाण्या'विषयीचे रूपक भाष्यकारांनी उचलले. दोन दिवसांचे जेवण मात्र राहून गेले.

हीच रेषा प्रेषितांच्या कृत्यांत पुढे जाते. यापो येथे पेत्राला निषिद्ध प्राण्यांचा दृष्टान्त होतो आणि त्यानंतर तो कैसरीयाला कर्नेल्याच्या घरी जातो. यरुशलेमला परतल्यावर त्याच्यावर ठेवलेला आरोप परकीयांना उपदेश केल्याचा नाही. त्यांच्याबरोबर जेवल्याचा आहे. पुढे अंत्युखियात तोच पेत्र लोकभयाने परकीयांच्या पंक्तीतून उठतो, आणि पौल त्याला तोंडावर दोष देतो. करिंथ येथील मंडळीत श्रीमंत आधी जेवतात व गरीब उपाशी राहतात, तेव्हा पौल त्या भोजनाला प्रभुभोजन म्हणायलाच नकार देतो. आरंभीच्या ख्रिस्ती समाजात पंक्तिप्रपंच हा शिष्टाचाराचा नव्हे, तर श्रद्धेच्या सत्यतेचा प्रश्न होता.

४

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात हा प्रश्न तीन निरनिराळ्या रूपांत उभा राहिला.

पहिले रूप गुप्ततेचे. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्याला परधर्मीयाने केलेला पाव खावा लागे आणि खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाच्या हातचे पाणी प्यावे लागे. देण्याचा नव्हे, घेण्याचा विधी या मंडळींनी दीक्षेसाठी निवडला, यातच त्यांना व्यवस्थेचे मर्म कळले होते असे दिसते. पण दार बंद करून घेतलेला घास हा सहभोजन ठरत नाही. ज्याच्या हातचे खाल्ले तो त्या पंगतीत नव्हता. सभासदांची नावे उघड होताच सभा मोडली. 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी हे या सभेतून पुढे उघड ख्रिस्ती धर्मात गेले, ही घटना म्हणूनच सूचक आहे. गुप्त घास आणि उघड घास यांच्यामधले अंतर त्यांच्या आयुष्यात धर्मांतराने भरून काढले.

दुसरे रूप सत्तेचे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नामवंतांना चहा देण्यात आला. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसे तेथे होती. पुढे नावे प्रसिद्ध झाली, ग्रामण्य उभे राहिले, आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. हे प्रकरण सनातन्यांच्या कर्मठपणाचे किंवा सुधारकांच्या दुबळेपणाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. आतिथ्याच्या दृष्टीने पाहिल्यास त्यातील वेगळीच विसंगती जाणवते. लूकच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना पिशवी न घेता पाठवतो आणि जे पुढे वाढले जाईल ते खाण्यास सांगतो. म्हणजे प्रेषिताने पाहुणा म्हणून जावे अशी ती योजना आहे. वसाहतकाळातील मिशन मात्र यजमान म्हणून उभे होते : बंगला त्याचा, शाळा त्याची, दवाखाना त्याचा आणि चहाही त्याचाच. अन्न वरून खाली वाहते हा जुना नियम मोडण्याऐवजी त्याने त्या नियमातील वरची जागा घेतली. मिशनच्या चहाला झालेल्या विरोधात कर्मठपणा होताच. पण ज्याच्या हाती राज्य आहे त्याच्या हातून घेण्याची अस्वस्थताही त्यात मिसळलेली असावी.

तिसरे रूप संयमाचे. ते पंडिता रमाबाईंचे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि श्रद्धा म्हणजे यजमानाच्या ताटातले सर्व स्वीकारणे होय, हे मान्य केले नाही. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेल्या शारदा सदनात विधवांना आपापले जातिनियम पाळण्याची मुभा त्यांनी ठेवली. ख्रिस्ती यजमानिणीच्या घरी पाहुणीच्या सोवळ्याला जागा होती. यजमानाने स्वतःची मर्यादा ओलांडण्याऐवजी पाहुण्याची मर्यादा सांभाळावी, असे हे आतिथ्य. त्याचा शेवट १८९३ च्या वादात झाला आणि सल्लागार मंडळ दूर झाले. यावरून ही वाट किती अरुंद होती ते कळते. तरीही जबरदस्तीच्या सहभोजनापेक्षा तिच्यात परक्याचा मान अधिक राखला गेला, हे नाकारता येत नाही.

५

या पार्श्वभूमीवर 'स्मृतिचित्रे'ची रचना पाहावी. ग्रंथाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याचे चित्र येते. बाहेरून घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूची त्यांना धास्ती आहे आणि सारे घर त्या धास्तीभोवती फिरते. हा भाग बहुधा विनोदी व्यक्तिचित्र म्हणून वाचला जातो. परंतु संहितेच्या एकूण व्यूहात त्याचे कार्य त्याहून मोठे आहे. आतिथ्याचा पूर्ण अभाव म्हणजे काय, याचे ते चित्र आहे. जगाला उंबरठ्यावरच धुऊन घेणारे घर कोणालाच आत घेऊ शकत नाही. आणि अशा घरातील माणसे त्या घरात स्वतःही पाहुण्यासारखी भीतभीत वावरतात. निवेदिकेचा पुढचा सगळा प्रवास या घरापासून दूर जाण्याचा आहे.

दुसरा टप्पा आश्रिताचा. पतीच्या धर्मांतरानंतरची वर्षे लक्ष्मीबाईंनी नातलगांच्या आधाराने काढली. या काळात त्या ना गृहिणी आहेत ना अतिथी. 'आश्रित' या शब्दात जी अवघड जागा आहे ती त्यांची आहे : ताट मिळते, पण त्या ताटावर हक्क नसतो, कोणी हाकलत नाही, पण कोणी वाटही पाहत नाही. नंतरच्या काळात त्यांच्या घराला जी मोकळीक लाभली तिचे मूळ धर्मोपदेशात शोधण्यापेक्षा या अनुभवात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. आपण परके होतो याची आठवण हा परक्याला आत घेण्याचा आधार असतो. मोशेच्या नियमशास्त्रातही परदेशीयाशी न्यायाने वागण्याचे कारण म्हणून मिसरातील परकेपणाची आठवणच पुनःपुन्हा पुढे केली आहे.

तिसरा टप्पा सर्वांत नाट्यपूर्ण आणि तरीही निवेदनात अत्यंत साधा. पतिपत्नी पुन्हा एकत्र येतात, पण पती ख्रिस्ती आणि पत्नी सोवळ्यातली. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही असा परका माणूस बाहेरून आलेला नाही. तो कुंकवाचा धनी आहे. आतिथ्यविचारातील सगळी सैद्धान्तिक द्वंद्वे, आतला आणि बाहेरचा, आपला आणि परका, येथे एका छपराखाली येतात. टिळकांनी पत्नीच्या सोवळ्याला काही काळ जागा दिली, ही गोष्ट रमाबाईंच्या संयमाशी नाते सांगते. धर्मांतरित पतीने आपल्याच घरात पाहुण्यासारखे राहून पत्नीच्या निर्णयाची वाट पाहिली.

तो निर्णय कसा आला, याचा क्रम अर्थपूर्ण आहे. जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने पोचतात. त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या तयार होतात. आणि बाप्तिस्मा त्याच्याही नंतर येतो. आधी पंगत, मग पंथ, असा हा क्रम आहे. धर्मांतराच्या रूढ कथनप्रकारात आधी हृदयपरिवर्तन, मग कबुली आणि शेवटी आचारबदल अशी मांडणी असते. येथे आचार हा परिणाम नसून प्रवेशद्वार आहे. सोवळे हे मत नसते, ती शरीराची सवय असते. म्हणून त्याचा त्यागही वादविवादात न होता जिभेवर आणि घशात व्हावा लागतो. अहमदनगर परिसरातील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांची संख्या मोठी होती, ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली म्हणजे या निर्णयाचे सामाजिक वजन कळते. कोणाच्याही हातचे घेणे म्हणजे कोणाच्या हातचे घेणे, हे तेथे अमूर्त राहत नाही.

चौथा टप्पा उघड्या घराचा. टिळकांच्या घरात परकी मुले येतात, राहतात, वाढतात; पाहुणे न सांगता येतात; पैसा हाती टिकत नाही. या भागातील विनोद केवळ स्वभावविनोद नाही. पुण्यकर्माची नोंद गंभीरपणे केली असती तर तिचे आत्मस्तुतीत रूपांतर झाले असते. विनोदामुळे निवेदिका यजमानपणाच्या उंचीवरून खाली उतरते. आपण कोणावर उपकार केले, असे त्या म्हणत नाहीत. आपली कशी फजिती झाली, असे सांगतात. यजमानाने स्वतःला हास्यास्पद करून पाहुण्याचा संकोच घालवावा, ही घरगुती रीत येथे निवेदनाची रीत झाली आहे. श्रद्धा आणि शैली या ठिकाणी वेगळ्या करता येत नाहीत.

६

आतिथ्याच्या आधुनिक पाश्चात्त्य विचाराशी ही संहिता ताडून पाहणे उपयुक्त आहे. एमिल बेनवेनिस्त यांनी १९६९ मधील भारोपीय संस्थांच्या शब्दकोशात लॅटिन 'होस्टिस' हा शब्द आधी परस्परहक्क असलेल्या परक्यासाठी होता आणि पुढे तो शत्रूसाठी रूढ झाला, हे दाखवले. जाक देरिदा यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत या संदिग्धतेचा विस्तार केला : निरपवाद आतिथ्य कोणतीही अट, नाव वा ओळख मागत नाही; पण प्रत्यक्ष आतिथ्यासाठी घर हवे, घरावर मालकी हवी, आणि मालकी म्हणजेच अट. देरिदा यांच्या मते या दोहोंतला ताण मिटवता येत नाही. त्याआधी इमॅन्युएल लेव्हिनास यांनी १९६१ मधील ग्रंथात 'स्व'ची व्याख्याच यजमान म्हणून केली होती : परक्याच्या चेहऱ्याचे स्वागत करणारा तो स्व.

या विचारांचे सामर्थ्य मान्य करूनही एक मर्यादा नोंदवावी लागते. यातील मूळ प्रश्न दार उघडणाऱ्याचा आहे. फ्रेंच भाषेत यजमान आणि पाहुणा यांना एकच शब्द आहे, या गोष्टीचा देरिदा पुरेपूर उपयोग करतात. तरी विश्लेषणाचा गुरुत्वमध्य घरधन्याकडे राहतो. जातिव्यवस्थेच्या समाजात हा प्रश्न उलटा पडतो. तेथे दार उघडणे अवघड नाही. दारात उभ्या असलेल्याला शिधा देता येतो. अवघड आहे ते दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याच्या भांड्याने पाणी पिणे. घरधनीपणाचा खरा त्याग घर उघडण्यात नाही, पाहुणा होण्यात आहे. लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रातील 'स्व' यजमान म्हणून सिद्ध होण्याआधी घेणारा म्हणून सिद्ध होतो, आणि ही नुसती चरित्रातील योगायोगाची गोष्ट नाही. योहानाच्या विहिरीपासून कर्नेल्याच्या घरापर्यंतच्या कथनरेषेशी ती जुळते. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र जागा दिली, तेही याच दिशेचे पुढचे पाऊल म्हणून वाचता येते. यजमान संस्थेच्या आसऱ्यातून बाहेर पडून ते पुन्हा पाहुणे झाले.

७

तथापि या वाचनाचे रूपांतर गौरवात होऊ देणे योग्य नाही. दोन प्रश्न संहिता स्वतःच उभे करते.

पहिला प्रश्न श्रमाचा. आमंत्रण टिळकांचे आणि चूल लक्ष्मीबाईंची, ही विभागणी ग्रंथभर जाणवते. औदार्याचे नाव ज्याला मिळते आणि औदार्याचे काम जिला पडते, ती दोन वेगळी माणसे आहेत. लेव्हिनास यांनी घरातील स्वागतशीलतेला 'स्त्रीत्व' असे नाव दिले, तेव्हा ते श्रम एका काव्यात्म प्रतिमेत विरून गेले. लक्ष्मीबाई ते विरू देत नाहीत. डब्यात काय आहे आणि काय नाही, हे त्यांना माहीत असते आणि त्या ते सांगतात. घरधन्याच्या श्रद्धेचा खर्च कोण भागवते, हा हिशेब त्यांच्या थट्टेत दडलेला आहे. मार्था आणि मरीया यांच्या कथेत मार्थेच्या तक्रारीला जे उत्तर मिळते त्यावर शतकानुशतके प्रवचने झाली; मार्थेने स्वतः ती कथा लिहिली असती तर ती कशी झाली असती, याचा अंदाज 'स्मृतिचित्रे'वरून बांधता येतो.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. ब्राह्मण स्त्रीने दुसऱ्याच्या हातचे पाणी घेतले, हा प्रसंग कथनाला पात्र ठरतो; कारण तिच्या घेण्यात त्याग आहे. ज्या हातांनी ते अन्नपाणी पुढे केले त्या हातांच्या बाजूने हा प्रसंग कसा दिसला? त्या घरात त्या दिवशी संकोच होता, भीती होती, की आनंद? आत्मचरित्र हा प्रकार 'स्व'च्या कक्षेबाहेर जाऊ शकत नाही, हे खरे. पण वाचकाला त्या कक्षेची जाणीव ठेवता येते. 'बलुतं' (१९७८) आणि 'जिणं आमुचं' (१९८६) यांनी गावाने वाढलेल्या भाकरीचा अनुभव खालच्या बाजूने मांडल्यावर मराठी वाचकाला 'स्मृतिचित्रे' पूर्वीसारखे वाचणे शक्य राहिलेले नाही. पंगतीचा अर्थ पंगतीतून उठवलेल्या माणसाला विचारल्याखेरीज पूर्ण होत नाही. नगरच्या ख्रिस्ती कुटुंबांतील ज्या स्त्रियांनी आपल्या चुलीशी या नव्या पाहुणीला जागा दिली त्या खऱ्या यजमानिणी होत. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासात त्यांची जागा अजून रिकामी आहे.

८

एक आक्षेप येथे अपेक्षित आहे. घेण्याची ही दिशा केवळ ख्रिस्ती म्हणता येईल काय? पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढल्याची आणि महाराच्या घरी जाऊन जेवल्याची कथा चरित्रपरंपरेने जपली आहे. वारकऱ्यांच्या काल्यात एकमेकांच्या मुखी घास घालण्याची रीत आहे. रेव्हरंड टिळक आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे मानत. तेव्हा हा आक्षेप खोडून काढण्याची गरज नाही. तो या विवेचनाला पूरकच आहे. फरक एवढाच की एकनाथांचे जेवण हे संतचरित्रातील अलौकिक प्रसंगाच्या रूपाने स्मरणात राहिले आणि काला हा उत्सवाच्या मोकळिकीत घडत राहिला. दुसऱ्या दिवशी गावची पाणवठ्याची व्यवस्था होती तशीच राहिली. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तेच कृत्य नित्याचे झाले. त्यात चमत्कार उरला नाही. रोज सकाळी चूल पेटते, कोणीतरी दारात येते, आणि कोणाच्या तरी घरून काहीतरी येते, या पातळीवर श्रद्धा उतरली. ख्रिस्ती मंडळ्याही या पातळीवर सर्वकाळ टिकल्या असे नाही. अंत्युखियात पेत्र पंक्तीतून उठला, तसे पुष्कळ जण पुढेही उठत राहिले. म्हणूनच हा नित्यपणा गृहीत धरता येत नाही. त्याची साक्ष देणाऱ्या संहितेचे मोल त्यामुळे वाढते.

या विवेचनातून मराठी समीक्षेपुढे एक व्यावहारिक सूचना ठेवता येते. बाबा पदमनजींच्या आत्मकथनापासून पुढची धर्मांतराची मराठी आत्मचरित्रे ही मतपरिवर्तनाची कागदपत्रे म्हणून वाचण्याची रूढी आहे. त्याऐवजी निवेदक कोणाकडे जेवला, कोणाच्या भांड्याने पाणी प्याला, कोणी त्याच्याकडे यायचे थांबवले आणि कोण नव्याने येऊ लागले, हे प्रश्न विचारले तर त्या संहितांतील कितीतरी 'किरकोळ' तपशील अर्थवाही होतील. 'स्मृतिचित्रे'तील श्रद्धा दुय्यम वाटली, कारण ती प्रवचनात शोधली गेली. स्वयंपाकघरातून वाचणाऱ्याला ती पानोपानी भेटते. आणि तेथे ती पहिल्यांदा कोणाला काही देताना दिसत नाही, तर ओंजळ पुढे करून पाणी मागताना दिसते.